सातपुड्याचा अंजन

धरणगावाहून उत्तरेस तापी ओलांडून यावलाकडे गेलें म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशीं, माती थोडी नि खडकच फार अशा उतारांवर, एक वृक्ष दृष्टीस पडतो. भोंवतालचा साग उन्हाळ्यांत उघडाबोडका झालेला असतो. हा मात्र चैत्राच्या सुमारास तांबूस पालवी धारण करतो. हाच अंजन.

त्याच्या प्रत्येक पानास दोनच दळें असतात. पाहणारास आपट्याची आठवण होते; परंतु आपट्याचें पान एकच, शेंड्याशीं दुभंगलेलें, आणि अंजनाचीं दळें खरोखरच दोन. शास्त्रीय नांव ‘हार्डविकिया बायनाटा’, त्यांतील दुसरा शब्द या जोडीवरूनच आला. लांकूड इतकें जड कीं तें पाण्यांत बुडतें. सालीच्या वाखाचे दोर वळतात.

त्याची खरी करामत जमिनीखालीं आहे. शेंग चपटी, टोकाशीं एकच बी. ती वाऱ्यानें दूर जाते. पहिल्या पावसांत बीं रुजतें, आणि वर वीतभरही न वाढलेल्या रोपाचें सोटमूळ त्याच्या कितीतरी पट खोल, खडकाच्या भेगांत उतरतें. रोप वर्षानुवर्षें खुरटें दिसतें म्हणून तें मेलें असें समजूं नये. तें आधीं पाण्याची सोय पाहतें. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतावर पुया रायमोंडी ही वनस्पति कित्येक दशकें वाट पाहून एकदांच फुलते व मरते. आमचा अंजन मरत नाहीं, पण धीर तसाच.

संकट येतें तें या धीरावरच. चैत्र-वैशाखांत रानांत दुसरा हिरवा चारा नसतो, म्हणून गुरांसाठीं अंजनाच्या फांद्या तोडतात. गरजवंताला दोष कसा द्यावा? मात्र शेंगा पिकतात त्याच दिवसांत, त्याच फांद्यांवर. भरपूर बीं दरवर्षीं धरत नाहीं, आणि उगवलेलीं रोपें शेळ्या खातात. यावलचें अभयारण्य १९६९ सालीं झालें. त्याबाहेरच्या बांधांवर व माळांवर काय राहील, हें आपणांकडे आहे. शोभेसाठीं मादागास्करचा गुलमोहर लावणाऱ्यांनीं निदान एक अंजन लावावा, असें मला वाटतें.

बीं मात्र जागेवरच पेरावें. कुंडींत दीर्घकाळ ठेवलेल्या रोपाचें सोटमूळ वेटोळें घालतें, आणि मग तें खडकांत उतरत नाहीं. पहिलीं कांहीं वर्षें कांटेरी कुंपण घालावें, म्हणजे शेळ्या जवळ येणार नाहींत.