ई ३ काय म्हणतो?

बदलापूर पूर्वेला आमच्या इमारतीत कुणाच्याही इंडक्शनवर ‘ई’ आणि त्यापुढे आकडा उमटला, की आमच्या दाराची बेल वाजते. गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. सिलिंडर संपलेला, चकलीचं पीठ मळून ठेवलेलं आणि शेगडी टूं टूं करत ‘ई ३’ दाखवून बंद पडलेली. “भाऊ, रोज संध्याकाळी हेच. सकाळचा चहा मात्र झकास होतो. हे म्हणतात, फेकून द्या, नवी आणू.”

“फेकू नका,” मी म्हटलं. हे दोन शब्द मी कित्येक वर्षं सांगत आलो आहे. अंबरनाथच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला असताना लोखंडी दांडे क्षणात लालबुंद करणारी इंडक्शनची यंत्रं मी सांभाळली. तेच तत्त्व चौकोनी काचेखाली बसून पोह्यांना फोडणी देताना पाहिलं, तेव्हापासून या शेगडीचं वेड लागलं ते लागलंच. आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: एरर दाखवणारी शेगडी बहुधा जिवंत असते. खरोखर मेलेली शेगडी काहीच दाखवत नाही.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. १८३१ साली फॅरेडेने बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते हे दाखवलं. १८५५ मध्ये फूकोने धातूच्या तुकड्यात फिरणारे भोवरी प्रवाह ओळखले. १९७० च्या दशकात अमेरिकेत वेस्टिंगहाऊसने घरगुती इंडक्शन शेगडी बाजारात आणली, पण ती श्रीमंतांपुरतीच राहिली. ती स्वस्त होण्यात मोठा वाटा आयजीबीटी या इलेक्ट्रॉनिक स्विचचा. १९८० च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये तो घडवणारे बी. जयंत बालिगा हे मद्रासमध्ये जन्मलेले, तिथल्याच आयआयटीत शिकलेले अभियंते. आपल्या ओट्यावरच्या शेगडीत त्यांची बुद्धी सेकंदाला वीस-पंचवीस हजार वेळा उघडझाप करत असते!

आता आकड्यांकडे वळू. त्यांचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो. एका कंपनीत ई ३ म्हणजे काच फार तापली, तर दुसरीत व्होल्टेज बिघडलं. म्हणून शेगडीसोबत आलेलं माहितीपत्रक जपून ठेवावं. हरवलं असेल तर शेगडी उलटी करून तळाच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर पाहावा आणि त्यावरून कोडचा तक्ता मिळवावा. आकडे वेगळे असले तरी तक्रारी मात्र मोजून पाच-सहाच: भांडं नाही, व्होल्टेज कमी किंवा जास्त, काच तापली, आयजीबीटी तापला, सेन्सर तुटला किंवा शॉर्ट झाला.

‘भांडं नाही’ ही तक्रार सर्वांत सोपी. शेगडी सुरू करताना कॉइलमध्ये विजेचा छोटासा ठोका देते आणि तो किती वेळ घुमतो ते पाहते. वर लोखंडाचं बूड असेल तर ते ऊर्जा शोषतं आणि घुमणं पटकन विरतं. हिंडालियमची कढई असेल तर घुमत राहतं, आणि शेगडी समजते की वर काही नाही. फ्रिजवरचा चुंबक भांड्याच्या बुडाला घट्ट चिकटला, तरच ते इंडक्शनचं भांडं. भांडं चालतं का, हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा खिशात चुंबक घेऊन जावं.

तापण्याच्या तक्रारीत निम्मी चूक ओट्यावर असते. पंखा तळातून हवा ओढतो आणि आपण शेगडीखाली प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ किंवा वर्तमानपत्र अंथरतो. ते काढावं, जाळीतली धूळ-तेलाची पुटं ब्रशने साफ करावीत, वीस मिनिटं थांबावं. पुष्कळ शेगड्या एवढ्यानेच सुधारतात.

पण माझा खरा जीव जडला आहे तो काचेखालच्या एका मण्यावर. कॉइलच्या मधोमध, काचेला टेकवून, ज्वारीच्या दाण्याएवढा थर्मिस्टर बसवलेला असतो. कारागीर त्याला नुसतं ‘सेन्सर’ म्हणतात. तापला की याचा विद्युतरोध कमी होतो. पुष्कळ शेगड्यांत तो २५ अंशांना १०० किलोओहम असतो. आपल्या ३० अंशांच्या स्वयंपाकघरात साधारण ८०, आणि १०० अंशांना जेमतेम ७. भांड्याचं बूड किती तापलं हे शेगडीला या एका दाण्याकडूनच कळतं. दूध उतू जाण्याआधी थांबवायचं की कोरडं भांडं जळण्याआधी बंद करायचं, हे तोच ठरवतो.

त्याची भाषा कळली की कोड आपोआप उलगडतात. वायर तुटली की रोध अनंत होतो. म्हणजे शेगडीच्या हिशेबी स्वयंपाकघरात हिमालयालाही लाजवेल अशी थंडी पडली. बदलापुरात असं होत नाही, हे तिच्यात लिहून ठेवलेलं असतं, म्हणून ती ‘सेन्सर तुटला’ म्हणते. उलट दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर रोध शून्य, म्हणजे न मावणारी उष्णता. मण्यावरची पांढरी पेस्ट वाळून गळाली तर तो काचेपासून सुटतो आणि शेगडीला उशिरा कळू लागतं. आणि आषाढात आमच्याकडे उल्हास नदीकाठच्या घरांत भिंतींनाही घाम फुटतो, तेव्हा जोडपिनांवर साचलेला ओलावा विजेला चोरवाट करून देतो. रोध खोटाच कमी दिसतो आणि गार शेगडी ‘तापले’ म्हणते. उबेला येणारी झुरळंही हेच करतात. अशा वेळी प्लग काढून शेगडी दिवसभर कोरड्या जागी ठेवली तर पुष्कळदा खर्च येतच नाही. मणी बदलायचा झाला, तर तो पार्ट अगदी स्वस्त. काच तडकली असेल मात्र शेगडी अजिबात वापरू नये. पाणी थेट कॉइलवर जातं.

हे सारं मी शिकलो उल्हासनगरात. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं, तरी भागांची ओळख अजून कॅम्प नंबर एक ते पाच अशीच आहे. रिकाम्या हातांनी आलेल्या माणसांनी उभं केलेलं हे शहर, त्यामुळे दुरुस्त होण्याजोगी वस्तू टाकून देणं तिथल्या जुन्या कारागिरांना पटत नाही. एका गल्लीतल्या सिंधी काकांच्या टेबलावर शंभर वॉटचा पिवळा बल्ब टांगलेला असायचा. दुरुस्त केलेला बोर्ड ते थेट विजेला कधीच जोडत नसत. आधी त्या बल्बच्या सिरीजमध्ये लावत. कुठे शॉर्ट राहिला असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि नवा आयजीबीटी वाचतो. “साईं, पहले बत्ती से पूछो,” ते म्हणायचे. त्यांनीच मला बजावलं की प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास वीज दडून असू शकते. ज्याला हे काम येत नाही, त्याने झाकणाचे स्क्रू उघडूच नयेत.

अंबरनाथहून घरी परतताना मला नेहमी विमको आठवते. स्वीडिश भांडवलाच्या त्या कंपनीच्या अंबरनाथमधल्या काडेपेटीच्या कारखान्याने कित्येक पिढ्यांच्या चुली पेटवल्या. ज्या गावाने घराघरांत काडी पोचवली, तिथे आज ज्योतीशिवाय अन्न शिजतं. काडीच्या जाळाला धोका सांगता येत नसे. तो आपल्यालाच ओळखावा लागे. या शेगडीला सांगता येतं, आणि ते ऐकणं आपलं काम.

वहिनींच्या शेगडीकडे येतो. मॉडेल नंबरवरून अर्थ सापडला: व्होल्टेज कमी. भिंतीतल्या सॉकेटवर मीटर लावला तर २२५. शेगडी एक्स्टेन्शन बोर्डावर होती. तिथे मीटर लावून ती २००० वॉटवर सुरू केली आणि आकडा नाचू लागला. क्षणात १५०, क्षणात २२०. शेगडी थांबली. बोर्ड हातात घेतला तर गरम. उघडला तर सहा अँपिअरच्या सॉकेटचं आतलं प्लॅस्टिक वितळून काळं झालेलं. २००० वॉटची शेगडी नऊ अँपिअरच्या आसपास ओढते. तिला भिंतीतला सोळा अँपिअरचा सॉकेटच हवा. सकाळी चहापुरती दोन-तीन मिनिटंच चालत असल्याने तो बोर्ड तग धरायचा. संध्याकाळी तासभराच्या स्वयंपाकात तापून ढिला पडायचा.

वहिनी त्या काळ्या सॉकेटकडे बघत राहिल्या. मागच्या भिंतीला पडदा होता, शेजारी तेलाचा डबा. आठवडाभर रोज संध्याकाळी ती शेगडी हेच सांगत होती. त्या रात्री सोळा अँपिअरच्या सॉकेटजवळ, जेवणाच्या खोलीत शेगडी मांडून चकल्या तळल्या गेल्या. पहिली ताटली आमच्याकडे आली. शेगडी अजून तीच आहे.