मुलाचा इसब मोजायचा कसा?

घरातले मूल रात्रभर अंग खाजवू लागले की त्या एका खोलीत कोणाचाच डोळा लागत नाही. पहिल्या पाळीला जाणारा बाप तारवटलेल्या डोळ्यांनी डबा उचलतो, आणि शेजारणी आईला विचारतात, "काय खायला घातलंस? लागट तर नाही ना?" म्हणून आम्ही आधी हेच सांगतो : इसब लागट नाही. त्या मुलाला कोणी वेगळे बसवू नये. मात्र घरात सगळ्यांनाच खाज सुटली असेल तर ती खरूज असू शकते, आणि खरूज लागट असते. तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवून खात्री करावी.

पुढचा प्रश्न पैशाचा. "रक्त तपासू या, म्हणजे रोग किती आहे ते कळेल," असे कोणी म्हटले की आपण पदरमोड करतो. पण रक्त नेमके काय सांगते?

बहुतेक वेळा तपासतात ते आयजीई. हा रक्तातला पदार्थ इशिझाका या जपानी पती-पत्नीने १९६६ साली अमेरिकेत शोधला. इसब असलेल्या पुष्कळ मुलांत तो वाढलेला असतो. पण तो दम्याने वाढतो, पोटातल्या जंतांनीही वाढतो. इसब जोरात असून आयजीई ठीक, असेही काही मुलांत दिसते. कातडी सुधारली तरी हा आकडा लगेच उतरत नाही. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचेही तसेच. जंत झाले तरी त्या वाढतात. म्हणून इसब वाढला की कमी झाला हे पाहण्यासाठी आयजीई पुन्हा पुन्हा करण्यात फारसा अर्थ नाही.

रोगाबरोबर बऱ्यापैकी चढणारा-उतरणारा पदार्थ वेगळाच आहे. त्याचे नाव टार्क. जपानी संशोधकांनी तो १९९६ साली ओळखला. विशिष्ट पांढऱ्या पेशींना कातडीकडे बोलावून घेणे हे त्याचे काम. जपानमध्ये २००८ पासून सरकारी विम्यात ही तपासणी होते. वरून कातडी स्वच्छ दिसते, पण आत दाह धुमसतो आहे का, हे डॉक्टर त्यावरून ताडतात आणि मलम एकदम बंद करू देत नाहीत. तेथे मोठ्या माणसाची मर्यादा ४५० पिकोग्रॅम, दोन वर्षांवरील मुलाची ७४३, तर सहा महिने ते एक वर्षाच्या बाळाची १३६७ मानतात. लहान बाळात हा आकडा मुळातच जास्त असतो. आपल्याकडे ही तपासणी सर्रास होत नाही, आणि तिच्यावाचून उपचार अडतही नाहीत.

कारण रोगाचे खरे माप घरातच आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी २००४ साली सात प्रश्न ठरवून दिले. गेल्या सात दिवसांत किती दिवस खाज सुटली, झोप मोडली, रक्त आले, पाणी गळले, कातडी भेगाळली, पापुद्रे निघाले, कोरडी-खरखरीत झाली? एकही दिवस नाही तर शून्य, एक-दोन दिवस असेल तर १, तीन-चार दिवस २, पाच-सहा दिवस ३, रोज असेल तर ४ गुण. एकूण २८. बेरीज ७ पर्यंत असेल तर इसब सौम्य, ८ ते १६ मध्यम, १७ च्या पुढे तीव्र. यासाठी ना सुई, ना पैसा. दर रविवारी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहावा आणि दवाखान्यात जाताना ते पान सोबत न्यावे. डॉक्टरांपुढे दोन मिनिटेच मिळतात; ते पान आईची बाजू मांडेल.

आणखी एक कळकळीचे सांगणे. ॲलर्जीच्या तपासणीच्या कागदावर दूध, अंडे, शेंगदाणा यांपुढे खूण दिसली म्हणून ते मुलाच्या ताटातून काढू नका. रक्तात खूण असणे म्हणजे तो पदार्थ बाधतोच असे नाही. अंडे-दूध उगाच तोडले तर इसब राहतो तसाच आणि मूल मात्र खंगते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर लगेच गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या, तर तो थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. जखमेवर पिवळी खपली धरली, दुखरे फोड उठले किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुढच्या वेळी रक्त तपासायला सांगितले तर नम्रपणे पण न घाबरता विचारा : "डॉक्टर, या आकड्याने औषधात काय बदल होईल?" हे विचारण्याचा प्रत्येक आईबापाला हक्क आहे. तपासणीचे वाचलेले पैसे मलमाला आणि दुधाला लागू द्या.