वणव्याचे दिवस आणि बंद ठेवलेली वीज

फाल्गुनातील एका दुपारी शाळेमागील डोंगरउतारावर वणवा लागला, तेव्हा आम्ही शिक्षकांनी जे केले ते फारसे सांगण्याजोगे नाही. तरीही त्यापासूनच आरंभ करणे रास्त होईल. धूर दिसताच आम्ही मुलांना मैदानात गोळा केले, कुंपणालगतचे गवत भिजवण्यासाठी विहिरीवरील मोटर चालू केली, आणि पाच मिनिटांत वीज गेली. टाकी सकाळच्या आंघोळींतच रिकामी झाली होती. आम्ही वायरमनला दूरध्वनी केला आणि शिक्षकांस न शोभणारी भाषा वापरली. गावकऱ्यांनी हिरव्या फांद्यांनी झोडपून आग कुंपणाबाहेर अडवली. वरच्या वाडीतील दोन कुटुंबांचा वर्षभराचा पेंढा मात्र जळून गेला. दुसऱ्या दिवशी कळले, की वीज गेली नव्हती, ती बंद केली होती. पेटत्या गवतावरून गेलेली तार सैल होऊन लोंबत होती आणि तिच्याखाली माणसे आग विझवीत होती. ज्याला आम्ही बोल लावले, त्याने त्या माणसांचा जीव सांभाळला होता.

त्या वायरमनची आम्ही क्षमा मागितली. पण चूक केवळ रागाची नव्हती. वणवा आणि वीज या दोन गोष्टी एकाच दिवशी, एकाच उतारावर आपल्यापुढे उभ्या राहतात, हे आम्ही कधी ध्यानातच घेतले नव्हते. कर्जत व खालापूर तालुक्यांतील वाड्यापाड्यांतून मुले येथे शिकावयास येतात. त्यांच्या घरांसाठी आणि आमच्या वसतिगृहासाठीही या विषयाची माहिती एके ठिकाणी असावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्याकडील वणवा हे अवचित येणारे संकट नव्हे. पावसाळ्यात कमरेएवढे वाढलेले गवत दिवाळीनंतर पिवळे पडते, साग-ऐनाची पाने गळून उतारावर थर साचतो, आणि वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरून चालतो. दुपारी समुद्राकडून येणारा वारा सह्याद्रीच्या उतारांवर चढतो व ज्वाळांनाही वर ओढतो. ज्वाळा वरच्या अंगाचे गवत आधीच तापवून ठेवतात. म्हणून चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ठोकताळा आहे. आगीपुढे डोंगर चढून पळणारा माणूस हमखास हरतो. बाजूने आडवे निघावे आणि जळून थंड झालेल्या काळ्या जमिनीवर यावे, ही गोष्ट वाडीतील जाणती माणसे जाणतात; शहरातून गडांवर येणाऱ्या तरुणांस ती ठाऊक नसते.

आग लावतो कोण, या प्रश्नाचे उत्तर बहुधा घाईने दिले जाते, आणि ते ठाकूर-कातकऱ्यांवर येऊन थांबते. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस येथे थोडे थांबावेसे वाटते. भाताच्या रोपांसाठी शेण, पालापाचोळा व फांद्या पसरून जमीन भाजण्याची राबाची रीत या मुलखात फार जुनी आहे. इंग्रजी अमलात जंगलाचे कायदे कडक झाले तेव्हा राबाच्या पाल्यावर निर्बंध आले, लोकांत असंतोष माजला, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. राब भाजणारा शेतकरी आपल्या बांधाजवळ उभा असतो. त्याची आग सुटते ती वाऱ्याचा अंदाज चुकल्यास किंवा एकट्याने भाजावयास घेतल्यास. सशासाठी रान पेटवणारे, नवे गवत लवकर फुटावे म्हणून जुने जाळणारे, तंबूपुढची शेकोटी धुमसत सोडून जाणारे पर्यटक, चालत्या गाडीतून विडी-सिगारेट फेकणारे, जागा साफ करण्यासाठी काडी ओढणारे बंगलेवाले, यांच्याकडेही पाहिले पाहिजे. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या २६ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि तो कायदा बंगल्याच्या मालकासही लागू आहे.

या यादीत वीज सहसा घेतली जात नाही. ऊसपट्ट्यातील शेतकऱ्यास मात्र लोंबत्या तारांच्या ठिणग्यांनी उभा ऊस जळाल्याचा अनुभव नवा नाही. वाऱ्याने सैल तारा एकमेकींस भिडल्या की तापलेल्या धातूचे कण खाली गवतात पडतात. तार तुटून कोरड्या, खडकाळ जमिनीवर पडली तर कधी कधी इतका थोडा प्रवाह जमिनीत जातो, की उपकेंद्रातील संरक्षक यंत्रणेस तो जाणवतही नाही. तार निपचित पडलेली दिसते, पण जिवंत असते. शिवाय मोठ्या दाबाच्या वाहिनीखाली आग भडकली तर ज्वाळा व दाट धूर यांतून वीज खाली झेपावू शकते. अशा वेळी वीज बंद करणे हाच शहाणपणा ठरतो.

आपल्या तालुक्यांच्या माथ्यावरून या वाहिन्या किती वर्षे जात आहेत, हे मुलांना सांगितले की ती चकित होतात. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या गिरण्या येथल्या पाण्यावर चालल्या, आणि येथल्या वाड्यांत त्यानंतर कित्येक दशके रॉकेलची चिमणीच होती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे मजूर खात्याबरोबर विजेचा विषयही होता, आणि वीज स्वस्त व मुबलक मिळावी हा त्यांचा आग्रह होता. इतक्या उशिरा घरात आलेली वीज कोणी बंद केली की माणूस चिडतो. त्याचे मूळ कदाचित येथेही असेल.

वणव्याच्या भयाने आगाऊ वीज बंद ठेवण्याची रीत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात रूढ झाली आहे. तेथे ८ नोव्हेंबर २०१८ रोजी उच्चदाब वाहिनीचा झिजलेला जुना आकडा तुटून लागलेल्या आगीत पॅराडाइज हे गाव बेचिराख झाले व ८५ माणसे मृत्यू पावली. पुढील ऑक्टोबरात कोरडा, सोसाट्याचा वारा येणार असे दिसताच वीज कंपनीने लाखो ग्राहकांची वीज आधीच तोडली. आगीचा धोका कमी झाला, पण विहिरींचे पंप थांबले, घरी प्राणवायूच्या यंत्रावर असलेल्या रुग्णांची धावपळ झाली. वीज बंद करणे ही अर्धीच सिद्धता असते, हा त्यातला धडा. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटण्यासाठी ठरवून वीज बंद ठेवतात. वणव्याच्या दिवशी मात्र ती कोणाच्या तरी प्रसंगावधानाने बंद होते आणि कोणास सूचना मिळत नाही. म्हणून वीज जाणारच असे धरून तयारी करावी.

ही तयारी माघातच करावयाची. घराभोवतीचे व गोठ्यामागचे गवत कापून, पाला लोटून दहा-बारा हात जमीन मोकळी ठेवावी. पेंढ्याची गंज घराला लागून रचू नये, आणि तारेखाली तर कधीच नाही. वन विभाग जाळरेषा काढतो तेव्हा वाडीतील चार माणसांनी सोबत जावे. कोठे गवत दाट राहिले हे गुराख्याइतके कोणास माहीत नसते. उपग्रहावरून आगीची सूचना मिळते हे खरे, पण उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा माथ्यावरून जातो. वन विभागाचा १९२६ आणि महावितरणचा १९१२ हे क्रमांक घरोघरी भिंतीवर लिहावेत. खांबावरील क्रमांक सांगता आला तर वायरमनचा शोध वाचतो.

पाण्याची भांडी व टाकी संध्याकाळीच भरावी, सकाळवर ठेवू नये. वीज फार वेळ गेली तर मोबाइलचा मनोराही बंद पडतो. तेव्हा निरोप कोण नेणार, शिट्टी वा थाळी कोण वाजवणार, हे आधी ठरलेले असावे. दम्याचा रुग्ण, बाळंतीण, चालता न येणारी म्हातारी माणसे कोणत्या घरांत आहेत त्याची यादी दोघांपाशी तरी हवी. आग विझवावयास जाणाऱ्याने सुती कपडे घालावेत, नायलॉन अंगाला चिकटते. ओला पंचा नाकातोंडावर बांधावा. वीज गेली असली तरी तार मेलेली समजू नये, कारण ती कोणत्याही क्षणी परत सोडली जाते. पडलेल्या तारेपासून पंधरा पावले तरी दूर राहावे आणि तिच्या दिशेने पाणी मारू नये. ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांनी चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. तो नसेल तर जनरेटरची वीज उलट वाहिनीत शिरते, आणि खांबावर चढलेला वायरमन बळी पडतो. आमच्याही वसतिगृहात तो स्विच नव्हता.

एवढे सारे वाडीनेच का करावे, असे एका पालकांनी आम्हांस विचारले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. रस्ता नसल्याने मदत डोंगर चढून पायी पोहोचली. २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. दरड आणि वणवा यांत अंतर आहे, पण वाट तीच आहे: जेथे यंत्रे चढू शकली नाहीत तेथे अग्निशमनाची गाडीही चढणार नाही. रस्ता मागत राहणे हा वाडीचा हक्क आहे, आणि तो मिळेपर्यंत प्रत्येक फाल्गुन येणारच आहे.

आता आमच्या शाळेत टाकी संध्याकाळच्या प्रार्थनेपूर्वी भरली जाते. ते काम नववीच्या वर्गाकडे आहे. जनरेटरला स्विच बसला आहे, आणि मोटरीच्या खोलीच्या दारावर त्याच वायरमनचा क्रमांक रंगाने लिहिलेला आहे. मागील हंगामात एकदा त्यांचाच दूरध्वनी आधी आला: खालच्या अंगाला धूर दिसतो आहे, वीज बंद करतो आहे, तुमचे पाणी भरले आहे का?