विश्लेषण : नियम होते, तरी पीएमसी बँक का बुडाली?

२४ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबई उपनगरांतील पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेच्या शाखांसमोर ठेवीदारांची झुंबड उडाली. रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांमुळे सहा महिन्यांत खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येणार होते. ताळेबंदात नफा दाखवणाऱ्या बँकेवर ही वेळ का आली?

कागदोपत्री बँक कशी होती?

१९८४ मध्ये शीव येथे एका खोलीत सुरू झालेल्या या बँकेच्या १३७ शाखा होत्या. ठेवी ११ हजार ६०० कोटी रुपयांहून अधिक होत्या. मार्च २०१९ अखेर ९९.६९ कोटींचा नफा आणि अवघी ३.७६ टक्के ढोबळ थकीत कर्जे, असे चित्र होते.

नेमके काय लपवले?

व्यवस्थापकीय संचालक जॉय थॉमस यांनीच रिझर्व्ह बँकेला लिहिलेल्या पत्रात कबुली दिली. एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे सुमारे ६,५०० कोटी रुपये अडकले होते. बँकेच्या एकूण कर्जांपैकी हा वाटा तब्बल ७३ टक्के होता. हप्ते थकूनही ही कर्जे थकीत दाखवली गेली नाहीत. समूहाची ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचे तपासात पुढे आले. बँकेच्या नावलौकिकाला धक्का बसेल म्हणून हे दडवले, असे पत्रात म्हटले होते.

तपासणीत हे का दिसले नाही?

लेखापरीक्षक आणि नियामक मुख्यतः बँकेने पुढे केलेली माहिती तपासतात. तीच खोटी असेल तर नियम कागदावरच राहतात. शिवाय अध्यक्ष वरियाम सिंग पूर्वी एचडीआयएलच्या संचालक मंडळावर होते. म्हणजे कर्ज देणारा आणि घेणारा यांच्यात जे अंतर हवे, ते उरले नव्हते. अखेर बँकेतीलच काहींनी रिझर्व्ह बँकेला कळवले आणि बिंग फुटले. थॉमस, सिंग आणि एचडीआयएलच्या प्रवर्तकांना अटक झाली, आरोपपत्र दाखल झाले. दोष ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे.

किंमत कोणी मोजली?

ठेवीदारांनी. ऑक्टोबर २०१९ मध्ये ओशिवरा आणि मुलुंड येथील ठेवीदारांच्या हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंच्या बातम्या लागोपाठ आल्या. उपचार, शिक्षण, लग्न यांसाठी साठवलेले पैसे अडकले. पतसंस्था आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या ठेवीही त्यात होत्या. २५ जानेवारी २०२२ रोजी बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. त्यावरील रक्कम टप्प्याटप्प्याने मिळणार असून शेवटचा टप्पा दहा वर्षांनंतरचा आहे.

त्यानंतर काय बदलले?

ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली. त्याच वर्षी कायदा बदलून सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवण्यात आले. निर्बंध लागल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रभादेवी आणि गोरेगाव शाखांतील १२२ कोटींची रोकड गायब झाल्याचे प्रकरण उघड झाले. महाव्यवस्थापकालाच अटक झाली.

धडा काय?

वेळीच खरे सांगितले असते, तर पीएमसीचा नफा घटला असता, टीका झाली असती. पण तोटा आवाक्यात राहिला असता. खोटेपणामुळे तो वर्षानुवर्षे वाढत गेला. प्रमुखाचा प्रामाणिकपणा वाईट बातमी स्वतःहून सांगण्यात दिसतो. ठेवीदाराला मात्र तो बाहेरून दिसत नाही. म्हणून एकाच बँकेत पाच लाखांहून अधिक रक्कम न ठेवणे, जादा व्याजाला न भुलणे आणि सभासद असल्यास वार्षिक सभेत मोठ्या कर्जदारांबद्दल प्रश्न विचारणे, एवढे त्याच्या हातात आहे.