गादी घेताना खिसा आणि पाठ दोन्ही सांभाळा

नरखेड तालुक्याचे नाव निघाले की लोकांना संत्रा आठवतो, त्यापाठोपाठ कापूस. संत्र्याच्या पेट्या वाहणारे पुष्कळ खांदे आमच्या वस्तीतले आहेत. कापूस वेचणाऱ्या बायांतही आमच्या भगिनींची संख्या मोठी आहे. सकाळपासून कमरेत वाकलेली बाई संध्याकाळी ओटीतला कापूस मोजून देते, घरी येऊन चूल पेटवते आणि रात्री पाठ टेकते ती फरशीवरच्या सतरंजीवर, नाही तर लग्नात आलेल्या, मधोमध खड्डा पडलेल्या गादीवर. सकाळी कंबर धरली म्हणून मेडिकलमधून गोळी आणली जाते. त्या गोळ्यांचा वर्षाचा हिशोब कुणी ठेवत नाही. ठेवला तर त्यात एखाद्या गादीचे पैसे निघतील.

काही उपासक म्हणतील, धम्माचे पत्र आणि त्यात गादीची चर्चा? अष्टशीलात उंच व ऐषारामी शय्या वर्ज्य सांगितली आहे ना? सांगितली आहे. पण ते शील उपोसथाच्या दिवशी पाळायचे आहे. आणि ज्याच्या घरी उंच शय्या आहे त्याने ती सोडण्यात त्याग आहे. ज्याच्या घरी गादीच नाही त्याने काय सोडायचे? खुद्द भिक्खूंसाठीसुद्धा विनयात गादीची तरतूद आहे. लोकर, कापडाच्या चिंध्या, झाडाची साल, गवत आणि पाने अशा पाच प्रकारच्या भरावाच्या गाद्या चुल्लवग्गात मान्य केल्या आहेत. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाने भराव कशाचा असावा इथपर्यंत विचार केला होता. अंगुत्तर निकायात हत्थक आळवकाची कथा आहे. थंडीच्या दिवसांत पानांच्या अंथरुणावर असलेल्या तथागतांना तो विचारतो, झोप बरी लागली का? तथागत म्हणतात, लागली. श्रीमंताच्या मऊ शय्येवरही तृष्णेची आग असेल तर झोप नाही, असे ते त्याला समजावतात. आमच्या वस्तीत झोप उडवणारी आग बहुतेक वेळा कर्जाच्या हप्त्याची असते, आणि गादीचा प्रश्न तिथेच येऊन मिळतो.

कारण आमच्याकडे गादी विकत घेतली जाते ती झोपण्यासाठी नव्हे, मुलीच्या लग्नात देण्यासाठी. हुंडा नको म्हणणारी मंडळी पलंग, गादी, कपाट यांना हुंडा मानत नाहीत. ते ‘आंदण’. विहारात पंचशील होते, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जातो, आणि बाहेर टेम्पोत चकचकीत कापडाची डबल गादी बांधलेली असते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आमच्या माताभगिनींना बजावले होते की लग्नाची घाई करू नका, पैशाने उभे राहण्याची ताकद आल्याशिवाय ते ओझे मुलांवर टाकू नका. तेच ओझे आज बापाच्या खांद्यावर आहे. ही गादी दिसायला मोठी आणि भावाला हलकी हवी असते, म्हणून हमखास निकस निघते. द्यायचीच असेल तर वर्षभर थांबून नव्या जोडप्याने स्वतः निवडावी. पैसे माहेरचेच असोत, पण पाठ त्यांची आहे.

आता मालाकडे वळू. आमच्या बाजारात मुख्यतः तीन प्रकार येतात: रुईची, फोमची आणि काथ्याची. स्प्रिंगची गादी चांगली असते, पण चांगली स्प्रिंग आमच्या खिशात बसत नाही आणि स्वस्तातली दोन वर्षांत टोचू लागते. ती सोडून द्यावी.

रुईच्या गादीला आम्ही पहिली पसंती देऊ. मुलूख कापसाचा आहे. कोष्ट्यांबरोबर आमच्या पूर्वजांनीही इथे जाडेभरडे कापड विणले, १८७७ मध्ये सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये आमच्या पिढ्या खपल्या. (मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात मात्र अस्पृश्याला घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे. कापूस वेचताना, गाठी उचलताना विटाळ नव्हता!) तर कापसाची पारख आपल्याला दुकानदाराने शिकवायची गरज नाही.

६ फूट बाय ३ फुटांच्या एका गादीत साधारण ८ ते १० किलो रुई लागते. आता हिशोब करा. एक क्विंटल कापसातून ढोबळमानाने ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे १० किलो रुईला २९ किलोच्या वर कापूस हवा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या दराने हा कापूस २,३८५ रुपयांचा झाला. सरकीचे पैसे वजा केले तरी रुई हजाराच्या आत येत नाही. त्यावर पिंजाई, खोळ, शिलाई. म्हणून दारावर येऊन कुणी ‘शुद्ध कापसाची गादी, नऊशे रुपये’ म्हणाला तर समजावे की आत कापूस नाही. आत असतो गिरणीचा केर, जुन्या कपड्यांचा यंत्राने केलेला भुगा किंवा पॉलिस्टरचे तंतू. हलक्या प्रतीची, कवडी कापसाची रुई स्वस्त मिळते आणि गादीला चालते, पण ती दाखवून, सांगून द्यावी.

खात्री करायची सोपी रीत आहे. शिवणीतून चिमूटभर भराव काढावा आणि उघड्यावर, गादीपासून दूर, काडी लावावी. कापूस कागदासारखा जळतो, वासही कागदाचा आणि राख मऊ करडी. पॉलिस्टर वितळते, काळा धूर देते आणि त्याची कडक गोळी होते. विकणारा काढू देत नसेल तर उत्तर मिळालेच.

याहून उत्तम म्हणजे गादी तयार न घेता भरून घेणे. रुई आपल्यासमोर तोलावी, पिंजावी, भरावी. ज्यांची स्वतःची दोन-तीन एकर शेती आहे त्यांनी तीसेक किलो कापूस बाजूला ठेवावा आणि सरकी काढून देणारा रेचा जवळपास कुणाकडे आहे याची चौकशी करावी. खोळीचे कापड जाड, घट्ट विणीचे, पट्ट्यांचे घ्यावे. नागपूरला काही कामाने जाणे झाले तर गांधीबागेत निवड चांगली होते. २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा या खरेदीला घरातल्या बाईनेच जावे हे बरे. टाके जवळजवळ असावेत, वीतभर अंतरावर. दूर टाक्यांच्या गादीत रुई सरकून गोळे होतात.

रुई दबते, हा तिचा दोष. पण तोच तिचा गुणही म्हणता येईल, कारण ती पुन्हा पिंजता येते. दोन-तीन वर्षांनी पिंजून, थोडी नवी रुई घालून गादी नवीसारखी होते. फोम बसला की बसला. पूर्वी धुनकीचा आवाज करीत पिंजारीबाबा गल्लीत यायचे. आता बहुतेकांनी यंत्रे घेतली आहेत आणि गावोगाव फिरणारे कमी झाले. मन्सुरी समाजातील ही माणसेही आमच्यासारखीच हातावर पोट असलेली. पाच-सात घरांनी मिळून बोलावले तर त्यांनाही परवडते आणि आपल्यालाही.

फोमच्या बाबतीत दुकानदाराचा आवडता शब्द आहे ‘डेन्सिटी’. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोत वजन. रोजच्या वापराला ३२ च्या खालचा घेऊ नये, दोन माणसे झोपत असतील किंवा अंगाने जड असतील तर ४० चा घ्यावा. पण तोंडी आकड्यावर विश्वास कशाला ठेवायचा? ६ बाय ३ ची, ४ इंच जाड गादी म्हणजे ०.१७ घनमीटर. ३२ डेन्सिटीचा फोम असेल तर नुसत्या फोमचे वजन ५ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास भरेल. २३ चा असेल तर ३ किलो ९०० ग्रॅम, आणि ४० चा असेल तर ६ किलो ८०० ग्रॅम. खोळीचे वजन वेगळे. किराणा दुकानातला काटासुद्धा हे सांगू शकतो. ‘३२ चा आहे’ म्हणून दिलेली गादी खोळीसकट साडेचार किलो भरली तर फसवणूक झाली असे समजा. शिवाय इंचपट्टी जवळ ठेवा. चार इंच सांगून साडेतीन देणे हा या धंद्यातला जुना रोग आहे.

फोमचे तुकडे चिकटवून केलेला ‘बॉन्डेड’ फोम वेगळा. तो जड आणि कडक असतो, त्यामुळे वजनाची ही कसोटी त्याला लागू नाही. चांगल्या बॉन्डेड लादीवर इंचभर मऊ फोम असलेली गादी कमी पैशात बरी पडते. मात्र चेन उघडून आत पाहा. तुकडे हाताने सुटत असतील, उग्र वास मारत असेल तर नको.

काथ्याची गादी म्हणजे नारळाच्या तंतूंवर रबराचा चीक मारून केलेली लादी. हवा खेळते, आमच्या उन्हाळ्यात ती फोमपेक्षा थंड लागते. पण वाकवली की मोडते, आणि स्वस्त प्रतीचा भुसा होतो. घडी घालून कोपऱ्यात उभी करायची असेल तर ती घेऊ नये. एका खोलीच्या घरात दिवसा गादी उचलावीच लागते, हे जाहिरातवाल्यांना माहीत नसते. जाता जाता सांगतो, ‘कर्लऑन’ आणि ‘स्लीपवेल’ ही दोन नावे दुकानात प्रतिस्पर्धी म्हणून दाखवली जातात, पण २०२३ मध्ये स्लीपवेलच्याच कंपनीने कर्लऑन विकत घेतली.

आता पाठीचे. ‘कंबर दुखते? मग खाली फरशीवर झोप,’ हा सल्ला आमच्याकडे घरोघरी देतात, आणि दुकानदार ‘ऑर्थोपेडिक’ म्हणून दगडासारखी गादी गळ्यात मारतो. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर चाचणी झाली, ती २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत छापून आली. काहींना कडक गाद्या दिल्या, काहींना मध्यम. ९० दिवसांनी मध्यम गादीवाल्यांचे दुखणे अधिक कमी झाले होते. तेव्हा फार कडक नको आणि खड्डा पाडणारी तर नकोच. दुकानात लाज न बाळगता आडवे व्हा, दहा मिनिटे, आपण नेहमी झोपतो त्या कुशीवर. उताणे झोपून कमरेखाली हात घाला. हात आरपार मोकळा फिरला तर गादी कडक आहे, मुळीच शिरला नाही तर मऊ आहे. ऐंशी किलोचा नवरा आणि पंचेचाळीस किलोची बायको यांनी शक्य तर दोन एकेरी गाद्या घ्याव्यात. त्या उचलायलाही सोप्या. तान्ह्या बाळाला मात्र मऊ गादी आणि उशी देऊ नका. त्याचे अंथरूण सपाट आणि घट्टच हवे, नाही तर तोंड रुतून श्वास कोंडण्याचा धोका असतो.

पैसा कसा उभा करायचा? दारावरचा हप्तेवाला म्हणतो, आठवड्याला फक्त १५० रुपये. समजा गादी ६,००० ची आहे आणि हप्ते ५२. एकूण ७,८०० झाले. म्हणजे १,८०० रुपये जास्तीचे. हेच ६,००० रुपये महिला बचत गटातून महिना २ टक्क्यांनी काढले आणि दरमहा ५०० मुद्दल फेडत गेलो, तर वर्षाचे व्याज ७८० रुपये होते. तेही आपल्याच गटाच्या पेटीत राहते. हिशोब दारातच, हप्तेवाल्यासमोर पाटीवर मांडावा. एकदम एवढे जमत नसेल तर घरातल्या सगळ्यांसाठी हलक्या गाद्या घेण्याऐवजी या वर्षी एकच चांगली घ्या आणि ती घरातल्या राबणाऱ्या बाईला किंवा म्हाताऱ्या माणसाला द्या. आमच्या घरांत चांगली गादी पाहुण्यासाठी गुंडाळून ठेवायची रीत आहे. पाहुणा वर्षातून चार दिवस येतो.

निगा राखण्याबद्दल दोन-चार गोष्टी. पावसाळ्यात जमिनीची ओल गादीत चढते, म्हणून खाली बाज, फळ्या किंवा निदान चटई हवी. ज्या बाजेवर गावातल्या मोठ्या माणसासमोर बसलेले आमच्या आजोबांना चालत नव्हते, तीच बाज ओलीपासून गादी वाचवते. रुईची गादी महिन्यातून एकदा कडक उन्हात टाकावी. फोमची सावलीत हवेशीर ठेवावी, उन्हाने फोम पिवळा पडून भुरभुरतो. गादीजवळ मच्छर अगरबत्ती लावू नये. रुई आत धुमसत राहते आणि फोमचा धूर विषारी असतो.

ढेकूण झाले तर शेतातले कीटकनाशक गादीवर मारू नका, कितीही कमी मारले तरी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले, ते तर उघड्या रानात होते. बंद खोलीत त्याच विषावर लेकरे झोपवायची का? खोळ आणि चादरी उकळत्या पाण्यात टाका, बाजेच्या सांध्यांत उकळते पाणी ओता, रुईची गादी मे महिन्यात दोन-तीन दिवस भर उन्हात उलटसुलट करा. एका खेपेत जात नाहीत, आठवड्याने पुन्हा करावे लागते. शहरातून आलेली जुनी, वापरलेली गादी स्वस्त मिळते म्हणून आणू नये, ढेकूण बहुधा तिच्यातूनच येतात.

शेवटी बिल. पक्के बिल मागा आणि त्यावर लांबी, रुंदी, जाडी, भरावाचा प्रकार आणि डेन्सिटी लिहून घ्या. ‘एक गादी’ एवढेच लिहिलेले बिल कामाचे नाही. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्या. किती खड्डा पडला तर बदलून देणार तेही वाचा, आणि डाग पडल्यास वॉरंटी नाही असे छापलेले असेल तर पहिल्या दिवसापासून वरून खोळ चढवा. तक्रार करायची वेळ आली तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे नागपूरच्या जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. साध्या कागदावर मराठीत तक्रार, बिलाची प्रत आणि फोटो जोडायचा. अर्ज लिहिता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींना विहारात बसवून लिहून घ्या.