बाटलीच्या गळ्यातला नंबर

28 जून 2021 रोजी सिअ‍ॅटलमध्ये पारा 42.2 अंशांवर गेला. या शहराच्या नोंदींत इतकी उष्णता त्याआधी कधीच झाली नव्हती. तेव्हा इथल्या बऱ्याच घरांत एसी नव्हता, आमच्याकडेही नव्हता. मी निफाड तालुक्यात वाढलेली, उन्हाळा मला नवा नाही. पण त्या दुपारी गॅरेजचं दार उघडलं आणि आतल्या झळीने छातीत धस्स झालं. तिथे तीन खोक्यांत वाईनच्या छत्तीस बाटल्या होत्या. तळघरातल्या रॅकमध्ये सलग जागा उरली नव्हती म्हणून आठवडाभरासाठी ठेवलेल्या.

आम्ही दोघांनी त्या घाईघाईने तळघरात नेल्या आणि मिळेल त्या खणात सरकवल्या. रात्री डोकं शांत झाल्यावर चूक लक्षात आली. एकाच वाईनच्या काही बाटल्या आधीपासून खाली गारव्यात होत्या, काही गॅरेजमधून आलेल्या, आणि आता दोन्ही एकत्र झाल्या होत्या. फोनवरच्या ॲपमध्ये सगळ्या 140 बाटल्या चढवलेल्या होत्या, लेबलांच्या सुंदर फोटोंसकट. ॲप सांगत होतं, ‘ही सिरा, 9 बाटल्या’. त्यातल्या कोणत्या तापल्या, हे सांगायची त्यात सोयच नव्हती.

उन्हात बाटली तापली की आतली वाईन फुगते आणि बुचाला बाहेर ढकलते. गार झाल्यावर ती आकसते आणि सैल झालेल्या बुचाशेजारून हवा आत शिरते. अशा वाईनची चव शिजवलेल्या फळांसारखी लागते, ताजेपणा निघून जातो. वरून मात्र बाटली जशीच्या तशी दिसू शकते. म्हणूनच वाईन साठवणारे साधारण 12-13 अंशांचं स्थिर तापमान, अंधार आणि आडवी बाटली यांचा आग्रह धरतात.

त्या रात्री मला घरची द्राक्षबाग सांभाळणाऱ्या अण्णांची फवारणीची वही आठवली. त्या बागेचे चार प्लॉट होते. डावणी, भुरी या रोगांसाठी काय मारलं, किती मारलं, कोणत्या तारखेला, काढणीला किती दिवस उरले, हे सगळं प्लॉटप्रमाणे लिहिलेलं असायचं. ‘बागेवर फवारणी केली’ असं अण्णा कधी लिहीत नसत. पुढे 2006 मध्ये युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या सरकारी निर्यात संस्थेने ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था आणली आणि परदेशात उघडलेल्या पेटीपासून थेट तिच्या प्लॉटपर्यंत मागे येता येऊ लागलं. अण्णांना त्यात नवल वाटलं नाही. त्यांची वही तेच करत होती.

घरच्या वाईनसाठी सॉफ्टवेअर निवडताना मी सगळ्यात आधी हेच तपासते: ते प्रत्येक बाटली वेगळी ओळखतं का? ती कोणत्या खणात आहे, कधी आली, कुठून आली, तिच्यावर काय गुजरलं, हे त्या एका बाटलीपुढे लिहिता येतं का? लेबलाचा फोटो काढून वाईन ओळखणं आता नवलाचं नाही. 2010 मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या व्हिव्हिनोने ती सवय जगभर लावली, आणि दुकानात उभं राहून बाटली निवडताना तिचा खरोखर उपयोग होतो. पण दुकानातली गरज वेगळी आणि तळघरातली वेगळी.

मी शेवटी ज्याच्यावर स्थिरावले ते सेलरट्रॅकर आमच्या याच भागात जन्मलं. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या एरिक लवाइन यांनी 2003 मध्ये ते स्वतःच्या बाटल्यांसाठी लिहिलं आणि पुढच्या वर्षी सगळ्यांना खुलं केलं. दिसायला ते फार देखणं नाही. पण जागा आणि खण लिहिता येतो, प्रत्येक बाटलीचा स्वतंत्र बारकोड छापता येतो, आणि हजारो लोकांनी लिहिलेल्या चवीच्या नोंदी वाचता येतात. मी बारकोड जाड कागदावर छापून दोऱ्याने बाटलीच्या गळ्यात अडकवते. रॅकमध्ये बाटल्या आडव्या असल्या तरी नंबर समोर दिसतो, लेबल पाहायला बाटली ओढावी लागत नाही.

इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी. बाटलीच्या मागे कंपनीचा जो बारकोड असतो, तो बहुतेक वेळा साल बदललं तरी तोच राहतो. त्याच्यावर विसंबून नोंद केली तर 2016 ची वाईन 2019 म्हणून चढू शकते, आणि वाईनच्या बाबतीत साल चुकलं की सगळंच चुकलं. लंडनच्या लिव्ह-एक्स या वाईन-बाजाराने यासाठी क्रमांकांची एक पद्धत बसवली आहे: वाईनला सात आकडे, त्यापुढे सालाचे चार. व्यापाऱ्यांना ती लागते. घरी आपण लेबलावरचं साल डोळ्यांनी वाचावं आणि हाताने लिहावं.

सालाचा आणखी एक गुंता मला माझ्या गावामुळे कळला. नाशिककडे द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये काढतात, इथे वॉशिंग्टन राज्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे 2019 लिहिलेली नाशिकची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ आणि 2019 चीच कोलंबिया खोऱ्यातली सिरा यांच्या वयात सहा-आठ महिन्यांचं अंतर. सॉफ्टवेअर दोघींना एकाच वयाचं धरतं. शिवाय ‘कधी उघडावी’ हा जो काळ ते सुचवतं, तो बहुधा इतर लोकांनी भरलेल्या अंदाजांवर बेतलेला असतो. बोर्दोच्या नावाजलेल्या वाईनबद्दल शेकडो लोकांनी लिहिलेलं असतं, नाशिकच्या वाईनबद्दल मोजक्यांनी. म्हणून तिथे मी स्वतःची तारीख घालते आणि ती लवकरची घालते. मी नाशिकहून आणलेली सोव्हिन्यों ब्लां पेरूच्या वासासाठी प्यावी. चार वर्षं ठेवली की तो वास उरत नाही.

पेरूवरून आठवलं. सॉफ्टवेअर निवडण्याआधी त्यात मराठीत एक ओळ लिहून पाहा. मी चवीची नोंद ‘जांभूळ, आमसूल, जरा तुरट’ अशीच करते. वाईनच्या नोंदींत नेहमी भेटणारं ब्लॅककरंट मी मोठेपणी कधीतरी चाखलं. जांभळाने जीभ लहानपणापासून रंगलेली आहे. ती ओळ जपली गेली का, शोधल्यावर सापडली का, सगळी यादी बाहेर काढून एक्सेलमध्ये उघडल्यावर देवनागरी शाबूत आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

यादी बाहेर काढता येणं फार महत्त्वाचं. त्या उन्हाळ्याच्या आधी मी वापरलेलं एक ॲप एका सकाळी बंद झालं. तीन वर्षांच्या नोंदी गेल्या, त्यात अण्णा इथे आले होते तेव्हा आम्ही मिळून जवळच्या वूडिनव्हिलला चाखलेल्या रीसलिंगची नोंदही होती. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी यादीची प्रत माझ्याकडे उतरवते.

पन्नासच्या आत बाटल्या असतील तर माझ्या मते साधी वही किंवा एक्सेलची शीट पुरते: नंबर, नाव, साल, खण, आणल्याची तारीख, कधीपर्यंत प्यायची. मुंबई-पुण्यात तर आधी पैसे थंड जागेवर घालावेत. फ्रिजच्या डोक्यावर किंवा गॅसजवळच्या कपाटात ठेवलेल्या वाईनला कुठलंच ॲप वाचवत नाही. महाराष्ट्रात मद्यासाठी परवाना लागतो आणि घरच्या साठ्याला मर्यादा आहे, तेव्हा नेमका आकडा हाताशी असणं तसंही बरं.

शंभराच्या वर गेलात तर आधी बाराच बाटल्या चढवून आठवडाभर वापरा. त्यात मुद्दाम अवघड घ्या: एक अर्धी बाटली, एक साल नसलेली फसफसणारी, एक छोट्या वायनरीची, एक भारतीय. आणि बाटली वजा करायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा. पाहुणे जेवायला बसलेले असताना दहा सेकंदांत होत नसेल, तर ती नोंद राहून जाईल आणि दोन महिन्यांत यादी खोटी पडेल.

गॅरेजमधल्या बाटल्यांपैकी बुचं वर आलेल्या अकरा ओळखता आल्या. उरलेल्या ज्या संशयित होत्या, त्या सगळ्यांपुढे मी ‘ऊन’ असा शब्द लिहिला, आणि त्याच आधी उघडत गेले. काही शिजलेल्या निघाल्या, बऱ्याच चांगल्या निघाल्या. प्रत्येकीची नोंद तिच्या नंबरापुढे आहे. परवा ‘ऊन’ शोधलं तर एकच उरली होती: नंबर 87, सिरा, 2017, तिसरा खण, डावीकडून दुसरी. दिवाळीला उघडणार आहे.