शीटवरचा +५ येतो कुठून?

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे आमचं डीएनडी, हा आपापलं कॅरॅक्टर बनवून खेळायचा खेळ मोशीतल्या आमच्या टेबलावर आला तो मोबाइलमधून. २०१६ मध्ये डीएनडी खेळणाऱ्या मुलांची ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका आली, २०१७ च्या ऑगस्टमध्ये कॅरॅक्टरचं शीट बनवून देणारं डीएनडी बियाँड सुरू झालं आणि २०२० च्या लॉकडाऊनने सगळ्यांना घरी बसवलं. आमच्यातले काही हिंजवडी-तळवड्याला आयटीत, काही भोसरी-चाकणला कारखान्यांत. एकाची सुट्टी शनिवार-रविवार, दुसऱ्याची गुरुवारी, त्यात पाळ्या बदलत्या. सगळे जमायचे तो वेळ इतका थोडा, की तो कॅरॅक्टर बनवण्यात घालवणं जिवावर यायचं. डीएनडी बियाँडच्या ॲपवर क्लास, म्हणजे कॅरॅक्टरचा प्रकार, निवडला, दोन-चार बटणं दाबली की शीट तयार. पुस्तकं महाग, इंग्रजी जड. ॲप नसतं तर आमच्यातले बरेच जण खेळायला बसलेच नसते, हे आधी सांगायला हवं.

पण त्या शीटवर हल्ल्यापुढे +५ लिहिलेलं असे आणि ते का, असं विचारलं की उत्तर यायचं, ‘ॲपने दिलंय.’

हिशेब खरं तर दोन ओळींचा आहे. ताकद १६. त्यातून १० वजा करून निम्मे केले की +३. पहिल्या लेव्हलचा सरावाचा, म्हणजे प्रोफिशियन्सी, बोनस +२. झाले +५. हे ज्याला माहीत आहे तो खानावळीतल्या मारामारीत तलवार हातातून निसटल्यावर थांबत नाही. खुर्ची उचलतो आणि स्वतःच म्हणतो, हिचा सराव नाही, म्हणजे +२ गेला, +३ ने फासा टाकतो. ज्याला माहीत नाही तो स्क्रीनवर खुर्ची शोधत बसतो, सापडत नाही म्हणून तो बेत सोडून देतो. माझ्या लेखी सगळा फरक इथे आहे. नियम कळला की काय काय करता येईल ते दिसायला लागतं.

तसंच १५, १४, १३, १२, १०, ८ या आकड्यांचं. कॅरॅक्टरच्या ताकदीसारख्या सहा गुणांत ते वाटायचे असतात. ८ कुठे टाकायचा यावर डोकं खाजवताना माणूस घडतो: अंगात बळ नसलेला, की चारचौघांत बोलता न येणारा? ॲपवरचा झटपट पर्याय घेतला की ८ आपोआप कुठेतरी जाऊन बसतो आणि खेळणाऱ्याला आपल्या कॅरॅक्टरची उणीव ठाऊकही नसते.

भोसरीत व्हीएमसी मशीनवर काम करणारा आमचा एक गडी हे चटकन समजला. कॅम सॉफ्टवेअर मशीनचा प्रोग्रॅम जी-कोडमध्ये काढून देतं. पण तो जी-कोड वाचता आला नाही, तर टूल कुठे धडकणार हे धडकल्यावरच कळतं.

शीट यंत्राकडून भरून घेण्याची सवय आपल्याच पिढीची नाही. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ आला तेव्हा तीन फासे टाकायचे, पडेल ते क्रमाने लिहायचं. कॅरॅक्टर एका कार्डावर मावे. पण २००० च्या तिसऱ्या आवृत्तीच्या पुस्तकासोबतच कॅरॅक्टर बनवणारी सीडी होती. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तर पर्यायांचं रान इतकं माजलं, की अनेकांनी हाताने शीट भरणंच सोडलं. तिचं कॅरॅक्टर बिल्डर २०१० मध्ये संगणकावरून उठून वेबवर गेलं, सिल्व्हरलाइट या ब्राउझर-प्लगइनच्या आधारावर. तो आधार जुना झाला आणि २०२० उजाडताच ते बंद पडलं.

२०२२ मध्ये डीएनडीची मालक असलेल्या हॅसब्रोने डीएनडी बियाँड १४.६३ कोटी डॉलरला विकत घेतलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं, की नवे नियम आले की ॲपवरच्या शीटमधले जुने स्पेल, म्हणजे मंत्र, बदलून नवे बसतील. खेळाडू खवळले, कंपनीने काही दिवसांत निर्णय फिरवला. तेवढ्या दिवसांत चिंता कुणाला होती? ज्यांचा विझार्ड, म्हणजे मंत्र वापरणारा जादूगार, फक्त ॲपमध्ये होता त्यांना. ज्यांनी तो वहीत उतरवला होता ते त्या आठवड्यातही खेळले.

माझ्या मते या काळातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र २७ जानेवारी २०२३ ची. नियम वापरण्याच्या परवान्यावरून झालेल्या मोठ्या भांडणानंतर पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला. श्रेय देऊन कुणीही तो छापावा, बदलावा, भाषांतरित करावा. आता मराठीत नियम लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि हे दिलेलं परत घेता येत नाही.

म्हणून हल्ली आमच्याकडे पहिली लेव्हल कागदावर, पेन्सिलीने. दुसऱ्या लेव्हलपासून हवं तर ॲप. त्या खुल्या दस्तऐवजातून फायटर आणि रोग या क्लासेससाठी मराठी पानं तयार केली आहेत. हल्ला, बचाव, जखमा, विश्रांती, एवढंच. नवा माणूस पहिल्या संध्याकाळी ती पुढ्यात ठेवून स्वतः बेरीज करतो. स्पेलचा भाग मोठा आहे, तो अजून व्हायचा आहे. तोवर विझार्डवाले ॲप उघडतात, आणि त्यांना कुणी अडवत नाही.